रानाची राखण कोणी करायची?



मृगाचा पाऊस पडून सोयाबीन चार पानांवर आले, की आमच्या कयाधूकाठी दोन कामे एकदमच सुरू होतात. दिवसा डवरणी आणि रात्री जागल. कोवळ्या सोयाबीनवर हरणांचा कळप एकदा उतरला, की सकाळी तासांतून नुसती देठे उभी दिसतात. त्यातून वाचले तर शेंगा भरताना रोही आहेत. भुईमूग, मका, ज्वारी आणि पुढे हरभरा यांना रानडुक्कर आहे. डुक्कर खाते थोडे आणि लोळवते फार. पेरणीपासून खळ्यापर्यंत घरातला एक माणूस रात्री आखाड्यावरच असतो, आणि घरातली बाई कुत्रे भुंकले की उठून बसते. शेतकऱ्याच्या घरात हे कोणाला नवे सांगायला नको.

यंदा आमचा पुतण्या एका संध्याकाळी तारेचे भेंडोळे घेऊन घरी आला. म्हणाला, "काका, यंदा जागल बंद. धुऱ्यानं तार ओढतो अन् खांबावरून आकडा टाकतो. एक डुक्कर मेलं की बाकीची वाट सोडतील."

मी काही बोलायच्या आत वहिनी चुलीपुढून उठल्या. "अन् डुकराच्या आधी तूच पहाटं पाणी धरायला गेलास तर? का शेजारचं पोरगं म्हशीमागं आलं तर? भावजी, ही तार आजच्या आज घराबाहेर काढा."

वहिनी शाळेत चौथीच्या पुढे गेल्या नाहीत. पण त्यांचे बोलणे कायद्याच्या पुस्तकाइतकेच पक्के होते. शेताच्या तारेत सोडलेल्या विजेने माणूस गेल्याची बातमी आपण दर हंगामात वाचतो. कधी ते शेजारी असतात, कधी सालगडी, कधी तार लावणारा स्वतः किंवा त्याचाच मुलगा. मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा, जामीन, कोर्टाच्या चकरा. पाच पोती सोयाबीन वाचवायला गेलेले घर पाच वर्षे उभे राहत नाही.

तार मी ठेवून घेतली. पण पुतण्याचा प्रश्न काही तारेबरोबर कोपऱ्यात ठेवता आला नाही. "मग करायचं काय?" असे तो म्हणाला, आणि त्याचे ते विचारणे रास्त होते.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारा फासेपारधी आमच्याकडे आला. त्याची पाले माळाच्या कडेला असतात. माझ्या वडिलांच्या वेळेपासून त्याचे आमच्या आखाड्यावर येणे-जाणे आहे. पूर्वी त्याच्याबरोबर एक शिकवलेली गाय असायची. त्या गायीच्या आडून तो माळावर असा चालायचा, की तित्तिराला वाटावे गाय चरते आहे. आता ती गाय नाही. काठी टेकत येतो, चहा घेतो, वडिलांची आठवण काढतो आणि जातो.

त्या दिवशी मी त्याला म्हणालो, "बाबा, एकदा आमच्या रानाला चक्कर मारा."

पहाटे आम्ही तिघे निघालो. म्हातारा धुऱ्याधुऱ्याने चालला होता आणि आमचेच रान आम्हाला वाचून दाखवत होता. ओढ्याच्या अंगाला एका ठिकाणी वाकला आणि म्हणाला, "हे बघा, ही त्यांची वाट. डुक्कर मालकावानी कुठूनबी येत नाही, ठरल्या वाटंनं येतंय." पुढे वेड्या बाभळीच्या जाळीत चिखलाचा खड्डा दाखवला, त्यात डुकरे लोळतात आणि दिवसा आसऱ्याला तिथेच असतात. पडीक तुकड्यात लेंड्यांचा ढीग दाखवला. रोही रोज त्याच जागी लेंड्या टाकतो, म्हणून ढीग ताजा असेल तर रोही आसपास आहे असे समजायचे. सोयाबीनच्या कडेला हरणांचे खूर दाखवले आणि त्यांत पिलाचे कोणते, हेही सांगितले.

मग पुतण्याला म्हणाला, "तुमचं ते झटका मशीन लावा, पर तार खाली लावा. डुक्कर नाक घालून खालून घुसतंय. कमरंएवढ्या तारंला ते कशाला भेतंय?"

पुतण्या माझ्याकडे बघू लागला. गेल्या वर्षी आम्ही झटका मशीनची एकच तार लावली होती, ती कमरेएवढ्या उंचीवर. मशीन खोटे निघाले म्हणून दुकानदाराला शिव्या देऊन आम्ही मोकळे झालो होतो.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. झटका मशीन बॅटरीवर किंवा सूर्याच्या उजेडावर चालते आणि थांबून थांबून क्षणभराचा झटका देते. जनावर बिचकते, मरत नाही. खांबावरची वीज सरळ तारेत सोडणे हे वेगळे; ते जीवघेणे आहे आणि गुन्हाही आहे. या दोन्हींना लोक एकाच तोंडाने 'करंट' म्हणतात आणि तिथेच घात होतो.

आता या म्हाताऱ्याच्या विद्येकडे वळतो, कारण खरे सांगायचे आहे ते तेच.

फासेपारधी म्हणजे फास लावून पारध करणारा. पूर्वी जनावरांच्या तातीचे आणि घोड्याच्या केसांचे फास वळायचे, खुंट्यांना बांधून गवतात ओळीने मांडायचे आणि गायीच्या आडून, शीळ घालून सावज तिकडे वळवायचे, ही त्यांची रीत. बंदूक नाही, गाडी नाही. फासात अडकलेले जनावर जिवंत हाती येते, म्हणून ते सोडूनही देता येते. गाभण हरिणी किंवा पाडस सापडले तर सोडून द्यायचे, असा त्यांच्यात दंडक होता. ही केवळ म्हाताऱ्याच्या तोंडची गोष्ट नव्हे. १९८० च्या सुमारास कैलास मल्होत्रा, माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला, त्यात हे नोंदलेले आहे. त्यांना आणखी एक गंमत आढळली. फासेपारधी फासाने हरणे आणि पाखरे धरीत. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने डुक्कर, साळिंदर, घोरपड मारीत. वैदू कोल्हा, मुंगूस, रानमांजर अशी जनावरे आणि पाण्यातली कासवे, खेकडे धरीत. एकाच रानात तिघे फिरत, पण प्रत्येकाचा वाटा वेगळा. गावात जशी बलुत्यांची कामे वाटलेली असत, तशीच रानातही वाटणी होती. आणि ज्याला पुढच्या वर्षीही त्याच माळावर पोट भरायचे असते, तो माळ ओरबाडून खात नाही.

मग रान रिकामे कोणी केले? राजेरजवाडे आणि साहेब लोक शिकारीला निघत तेव्हा वाट दाखवायला पारधीच लागे. चित्ता धरून तो दरबाराला देणारे चित्तापारधी होते. १९५२ साली देशातून चित्ता संपल्याचे जाहीर झाले. पुढे जीप आली, रात्रीचे झोतदिवे आले, पीकसंरक्षणासाठी म्हणून बंदुकीचे परवाने वाटले गेले. झोताने डोळे दिपलेले काळवीट जागच्या जागी उभे राहते आणि गोळी खाते. त्यात पारध नाही, नुसती कत्तल आहे. पोत्याने हरणे मारणारा जीपवाला शौकीन ठरला आणि चार तित्तिर धरणारा पारधी चोर ठरला. चोर तर तो आधीपासूनच ठरवलेला होता. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्माला आलेले पोरच गुन्हेगार मानले. तो कायदा १९५२ साली गेला. लोकांच्या मनातून तो अजून जायचा आहे.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो यायलाच हवा होता. काळवीट, माळढोक, वाघ हे सगळे सरत चालले होते. आधी त्या कायद्यात परवाना काढून शिकार करायची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही काढली. २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याने आदिवासींना चराई, वनोपज आणि रानाची राखण असे बरेच हक्क दिले, पण शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. आता पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. काळवीट त्याच अनुसूचीत आहे.

म्हाताऱ्याने आखाड्यावर बसून मला जे विचारले, ते ऐकून मी गप्प झालो. तो म्हणाला, "मालक, माझ्या नातवाला तित्तिराची शीळ येत नाही. शिकवली तर पोरगं जेलात जाईल. नाही शिकवली तर विद्या माझ्यासंगं जाईल. तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा."

मी काय सांगणार? पण तेव्हापासून विचार करतो आहे, तो तुमच्यापुढे मांडतो.

एका बाजूला रान ओळखणारा माणूस बेकार बसला आहे. दुसऱ्या बाजूला शेतकरी रात्रभर डबे वाजवतो, सुतळी बॉम्ब फोडतो, शेताला घरातल्या जुन्या साड्यांचे कुंपण करतो. मध्ये जनावर आहे. त्याचाही काय दोष? आपण माळ नांगरले, गायराने गिळली, ओढ्याकाठी वेडी बाभूळ माजू दिली. डुकराला आसराही आपणच दिला आणि ताटही आपणच वाढले. त्याला आवरणारा मोठा शिकारी प्राणी आमच्या भागात आता नाही. कायद्याने शिकार थांबवली ती योग्यच; पण त्यापुढे कुठे जनावर फार झाले, कुठे कमी झाले, हे मोजून तोल राखणे हे दुसरे काम होते. ते कोणाकडेच दिले गेले नाही.

लोक म्हणतात, कायदा काही करूच देत नाही. ते तितकेसे खरे नाही. काळवीट किंवा चिंकारा पिकासाठी मारता येत नाही, तो विषयच सोडा. पण रानडुक्कर आणि रोही हे दुसऱ्या अनुसूचीत आहेत. ते उभ्या पिकाला घातक झाले असतील तर कायद्याच्या अकराव्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षक, किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, लेखी परवानगी देऊ शकतो. आपण अर्ज करायचा तो वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे. परवानगीने मारलेले जनावर मात्र सरकारच्या मालकीचे. त्याचे मांस घरी नेता येत नाही.

आता परवानगी मिळाली असे धरा. मारणार कोण? तुमच्या-माझ्याकडे बंदूक नाही. असली तरी रात्री हलत्या सावलीवर गोळी झाडणे हे पोरखेळ नव्हे. पलीकडे जागल करणारा शेजारी असतो. ज्याला जनावराची वाट कळते त्याच्या हाती परवाना नाही, आणि ज्याला परवाना मिळतो त्याला वाट कळत नाही. सगळी गोम इथे आहे.

दुसरीकडे काय केले तेही बघू. बिहारात रोही आणि रानडुक्कर काही काळासाठी 'उपद्रवी' जाहीर झाले होते. २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून काही दिवसांत दोनशेच्या वर रोही मारले. देशभर गदारोळ झाला. केरळने २०२२ साली वेगळी वाट काढली. गावाला त्रास देणारे रानडुक्कर मारायची परवानगी देण्याचा अधिकार पंचायतीच्या प्रमुखाला दिला आणि ते काम परवानाधारक बंदूकवाल्यांनी करायचे ठरले. मांस तिथेही खायचे नाही, पुरायचे. स्वीडनसारख्या थंड देशात शिकाऱ्याला आधी परीक्षा द्यावी लागते, मगच बंदूक मिळते. यंदा किती जनावरे मारायची हे ठरवून घेतात, जमिनीचे मालक त्यात भाग घेतात आणि मांस लोक खातात. तिथे शिकारी हाच जनावरांची मोजदाद ठेवायला मदत करतो. माधव गाडगीळ यांनी अशा देशांचे दाखले देऊन मांडले होते, की आपला कायदा शेतकऱ्यावर अन्याय करतो आणि शिकार शहाणपणाने, मर्यादेत होऊ द्यावी. वन्यजीवांसाठी झटणाऱ्या पुष्कळांना ते पटले नाही. त्यांची भीती अशी, की एकदा दार किलकिले केले की डुकराच्या नावाखाली हरीण जाईल आणि त्यामागून व्यापारी येईल. ही भीती खोटी म्हणता येणार नाही. व्यापाऱ्याने नोटा पुढे केल्या की कोणत्याही जातीची रीत मोडते. त्याला आपण शेतकरीही अपवाद नाही आणि पारधीही नाही.

म्हणून मला आपल्या शेजारचे उदाहरण जास्त जवळचे वाटते. कनेरगाव नाक्यापाशी पैनगंगा ओलांडली की वाशीम जिल्हा लागतो. त्याच्या वरच्या अंगाला कारंजा. तिथे कारंजा-सोहोळचे काळविटांचे अभयारण्य आहे. त्या वाशीम-अकोला भागातल्या माळांवर पावसाळ्यात तणमोर येतो. कोंबडीएवढा पक्षी, नर गवतातून उंच उडी मारून मादीला खुणावतो, दिवसात शेकडो वेळा. जगात हा पक्षी आता फार थोडा उरला आहे. तो कुठल्या माळावर आहे, हे सांगणारे कोण होते? फासेपारधी. कारंज्याच्या 'संवेदना' या संस्थेबरोबर तिथल्या काही फासेपारधी वस्त्यांनी काम सुरू केले. ज्या डोळ्यांनी पूर्वी फास मांडायची जागा शोधली, त्याच डोळ्यांनी तणमोराची जागा शोधून तिथले गवत राखायचे. रीत सोडून द्या असे त्यांना कोणी सांगितले नाही. रीतीत जो दंडक होता तोच पुढे चालवा, असे झाले. आपले वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली रानातल्या माणसांकडून, पारध्यांकडूनही, शिकले आणि ते त्यांनी मोकळेपणी लिहिले. ज्यांच्याकडून मोठी माणसे शिकली, त्यांना गावाने चोर म्हणावे हे शोभत नाही.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात काय करता येईल? मला सुचते ते सांगतो.

पहिले, पिकाचे नुकसान झाले की रडत बसू नका आणि उशीर करू नका. त्याच दिवशी फोटो काढा, वनविभागाकडे अर्ज करा, पंचनामा होईपर्यंत पाठपुरावा करा. पीक मोडून टाकल्यावर पंचनामा कशाचा करणार? विमा काढला असेल तर तीही चौकशी करा. २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पीकविम्यात घेण्याचे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले आणि कळवण्यासाठी ७२ तासांची मुदत सांगितली. आपल्या तालुक्याला, आपल्या पिकाला ते लागू आहे की नाही, हे कृषी सहायकाला विचारून घ्या.

दुसरे, एकट्याने नको, गावाने मिळून अर्ज करा. डुकरे एका शेतातून हाकलली की शेजारच्या शेतात जातात. झटक्याची तार चार शेतांना मिळून एकदाच लागली तर खर्चही कमी आणि भांडणही कमी.

तिसरे, ग्रामसभेत ठराव करा, की रानाच्या राखणीचे आणि जनावरांच्या मोजणीचे काम गावाजवळच्या पारधी कुटुंबांना मजुरीवर मिळावे. डुक्कर किंवा रोही मारायची वेळ आलीच, तर ते परवानगीने, वनखात्याच्या माणसांसमोर आणि या जाणत्यांना बरोबर घेऊन व्हावे. गाभण आणि लेकुरवाळे सोडायचे, हा त्यांचा जुना दंडक सरकारी कागदावर यावा. ठरावाने उद्या कायदा बदलणार नाही, हे मलाही कळते. पण पन्नास गावांचे ठराव टेबलावर पडले, तर कोणाला तरी ते वाचावे लागतील.

चौथे, गायरानाचा जो तुकडा उरला आहे तो राखा. माळावर गवत राहिले तर हरणाला चरायला जागा राहते. वेडी बाभूळ काढा, गवत ठेवा. उलटे करू नका.

आमचे म्हणाल, तर झटक्याच्या दोन तारा लावल्या. एक जमिनीपासून जेमतेम वीतभर आणि एक गुडघ्याच्या वर. ओढ्याकडची वाट काट्यांनी बंद केली. डुकरे पुरती थांबली असे म्हणणार नाही, पण निम्म्याने तरी कमी झाली. जागल अजून आहे. फक्त आता पुतण्या एकटा नसतो. म्हाताऱ्याचा नातू त्याच्याबरोबर रात्री आखाड्यावर झोपतो. त्याला आम्ही मजुरी देतो. पहिल्या दिवशी वहिनींनी दोघांच्या भाकरी एकाच फडक्यात बांधल्या, तेव्हा गल्लीत कुजबूज झाली. वहिनींनी ती कानावर घेतली नाही.

परवा पहाटे मी आखाड्यावर गेलो. म्हातारा आला होता, नातवाजवळ बसला होता. तोंडावर हात धरून त्याने बारीक शीळ घातली. जरा वेळाने माळावरून तित्तिराने ओ दिली. फास नव्हता, गाय नव्हती; नुसतीच शीळ. नातवाने करून पाहिली, ती फुसकी निघाली. म्हातारा हसला आणि म्हणाला, "येईल. एवढ्यानं जेल होत नाही ना, मालक?"

नाही म्हणालो. शीळ घालायला अजून परवाना लागत नाही.

ती विजेची तार मात्र मी परत केलेली नाही. वहिनींनी तिचे तुकडे करून परसातल्या दोडक्याच्या वेलाला मांडव बांधला आहे. दोडके भरपूर आले आहेत. आलात तर घेऊन जा.

पटले तर घ्या, न पटले तर कळवा. राम राम.